अत्तरदे काकांची वीस मार्कांची तोंडी

अरुणकुमार अत्तरदे या गृहस्थांनी आयुष्यात कोणालाही पैकीच्या पैकी मार्क दिले नाहीत. आंब्याला नाहीत, डॉक्टरला नाहीत, आणि नीलांबरीबाईंना तर बघायला गेले होते तेव्हासुद्धा नाहीत. "मुलगी चांगली आहे, पण जरा मोठ्यानं हसते," असं घरी येऊन सांगितलं आणि तिथल्या तिथे दोन मार्क कापले. लग्न झालं, संसार झाला, मुलगी ज्ञानदा शिकून कॅनडात नोकरीला लागली, तरी ते दोन मार्क काही परत मिळाले नाहीत. नीलांबरीबाई अजूनही मोठ्यानं हसतात. बहुतेक वेळा अत्तरद्यांनाच.

आता हा माणूस असा का, तर त्यालाही कारण आहे. बारावीला त्यांचा स्वतःचा फर्स्ट क्लास दोन मार्कांनी हुकला होता. कोण्या अनोळखी तपासनिसाने कापलेले ते दोन मार्क अत्तरदे पुढे भेटेल त्या माणसाकडून वसूल करत राहिले. हॉटेलात बिर्याणी उत्तम झाली तर "बरी आहे" म्हणायचं, ज्ञानदाचा वर्गात पहिला नंबर आला तर "दुसरा कोण आला?" विचारायचं. कतारला, दोह्याच्या वेस्ट बे भागातल्या ऑफिसात ते उंच इमारतींच्या एसीच्या डक्टचं एस्टिमेट काढतात. तिथली पोरं म्हणतात, अत्तरदे सरांनी एखाद्याला 'ठीक आहे' म्हटलं तर त्यानं त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजावा.

पण हा झाला आठवड्यातल्या पाच दिवसांचा माणूस. शुक्रवारचा अत्तरदे वेगळा. कारण शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी शहराबाहेरच्या एका वाळूच्या मैदानावर बेसबॉल असायचा, आणि बेसबॉल हे अत्तरद्यांचं पहिलं प्रेम. भुसावळला कॉलेजात असताना ते कॅचर होते. म्हणजे बॅटवाल्याच्या पाठीमागे उकिडवं बसून, पिचरने भिरकावलेला चेंडू भल्यामोठ्या ग्लोव्हमध्ये झेलणारा गडी. राज्य पातळीपर्यंत गेले. तिथे संघ निवडताना यांचं नाव शेवटच्या फेरीत गळालं. गुडघे मात्र त्या उकिडवं बसण्यानं कायमचे गेले, आणि दोह्याच्या थंडीतही कुरकुरतात.

मैदानावर सगळी सरमिसळ. फिलिपिनो ड्रायव्हर आणि नर्स, जपानी कंपन्यांचे साहेब, एक-दोन अमेरिकन मास्तर, आणि शाळा-कॉलेजात बेसबॉल खेळून आलेली पुण्या-नाशकाकडची काही मराठी पोरं. अत्तरदे बाजूच्या बाकावर फ्लास्क घेऊन बसायचे आणि डोळे मिटायचे. लोकांना वाटायचं, काकांना डुलकी लागली. काका म्हणायचे, पिचर बघायचा नसतो, ऐकायचा असतो. चेंडू ग्लोव्हात शिरताना जो आवाज होतो, त्यात सगळं कळतं. खरं सांगायचं तर कधीकधी डुलकीही लागायची, पण ते कशाला कोणाला सांगा?

या डोळे मिटलेल्या माणसावर फैसलचा डोळा गेला.

फैसल मूळचा कराचीचा, पण वाढलेला दोह्यात. आखाती देशांतल्या काही हौशी श्रीमंतांनी मिळून बेसबॉलची व्यावसायिक लीग काढली होती, आणि तिच्यातल्या दोह्याच्या संघासाठी खेळाडू हेरायचं, म्हणजे स्काउटचं, काम फैसलकडे होतं. लीगचा ड्राफ्ट जवळ आला होता. ड्राफ्ट म्हणजे लिलाव नव्हे, लिलावात पैसा बोलतो. लहानपणी गल्लीत दोन कॅप्टन उभे राहून 'हा माझा, तो तुझा' करत टीम पाडायचे ना, तसं. नावं नोंदवलेल्या हौशी पोरांमधून एकेका संघाने आपली पाळी आली की एकेक पोरगा उचलायचा. उचललेल्याला करार, पगार, व्हिसा, सगळं. न उचललेल्याला घर. म्हणूनच कोणत्या पोरावर आपला डोळा आहे हे शेवटपर्यंत दुसऱ्या संघांना कळू द्यायचं नसतं. स्काउटच्या धंद्यातला हा पहिला आणि शेवटचा नियम.

"अरुण भाई, आप हर फ्रायडे यहीं होते हो. हमारे लिए देखो ना," फैसल म्हणाला. पगार नाही, पण संघाची टोपी मिळेल.

टोपी! गडद तांबडी, पुढे पांढरा ससाणा भरतकामात. अत्तरद्यांनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. "विचार करून सांगतो," म्हणाले, आणि टोपी तिथल्या तिथे डोक्यावर चढवली. तेव्हापासून ती उतरली ती फक्त आंघोळीला आणि ऑफिसला. भाजी आणायला टोपी, मेट्रोत टोपी, घरी गणपतीच्या आरतीलाही टोपी. "चला, निदान टक्कल तरी झाकलं गेलं," असं नीलांबरीबाई म्हणाल्या आणि हसल्या. मोठ्यानं.

कामाची रीत समजावायला फैसलने त्यांना सूक वाकिफच्या जुन्या बाजारात करकला, म्हणजे तिथल्या कडक दुधाळ चहाला, बोलावलं. बाहेर टेबल, शेजारी पर्यटकांचा गलबला, फैसलचा फोन सारखा वाजतोय, अशा घाईत त्याने सांगितलं, "बहुत सिंपल है, अरुण भाई. लड़के का गेम देखो, और नेचर देखो. मार्किंग ट्वेंटी-एट्टी. बस. व्हॉट्सॲप कर दो. यल्ला, मैं चलता हूँ."

अत्तरद्यांनी मान डोलावली. काही समजलं नसताना मान डोलावणं ही त्यांची जुनी सवय. एस्टिमेशन खात्यात तिच्यावर त्यांनी उभी हयात काढली होती.

घरी परतताना मेट्रोत बसल्यावर त्यांनी त्या ट्वेंटी-एट्टीचा विचार सुरू केला. वीस आणि ऐंशी. ऐंशी आणि वीस. घराजवळचं अल मन्सूरा स्टेशन यायच्या आत त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, हे तर आपल्या बोर्डाचं! ऐंशी मार्कांचा लेखी पेपर आणि वीस मार्कांची तोंडी! खेळाला ऐंशी, स्वभावाला वीस. भाचे-पुतण्यांच्या दहावीत किती वेळा ऐकलं होतं हे. अमेरिकेत निघालेल्या खेळाने शेवटी महाराष्ट्राच्या परीक्षेची पद्धत उचलली, याचा त्यांना इतका अभिमान वाटला की घरात शिरल्या शिरल्या त्यांनी बायकोला सांगितलं.

"तुम्ही फैसलला विचारलंत का नीट?" नीलांबरीबाईंनी भाजी परतता परतता विचारलं.

"त्यात विचारायचं काय? उघड आहे."

बाईसाहेबांनी झाकण ठेवलं आणि विषयही झाकला.

इथे वाचकांना एक गोष्ट सांगून टाकावी, म्हणजे उगाच घोळ नको. बेसबॉलच्या स्काउट लोकांची मार्कांची पट्टीच वेगळी असते. ती वीसपासून सुरू होते आणि ऐंशीला संपते. वीस म्हणजे अगदी टाकाऊ, पन्नास म्हणजे बरा, ऐंशी म्हणजे देवमाणूस. खेळालाही तीच पट्टी आणि स्वभावालाही तीच. वीसच्या खाली पट्टीच नाही. तळघर नसलेली इमारत ती. पण हे अत्तरद्यांना कोण सांगणार? आणि कोणी सांगितलं असतं तर ते ऐकणार थोडेच होते?

काम मात्र मन लावून सुरू झालं. शुक्रवारी मैदानावर लेखी, आणि त्या आठवड्यात एका संध्याकाळी मुलाच्या घरी जाऊन तोंडी. घरी जाऊन बघितल्याशिवाय वळण कळत नाही, हे अत्तरद्यांचं ठाम मत. सोबत नीलांबरीबाई असायच्याच, कारण ही मजा सोडायला त्या तयार नव्हत्या. पोरं बिचारी धांदलून जायची. बेसबॉलवाले येणार म्हणून ग्लोव्ह आणि बूट काढून ठेवायची, आणि काका बसल्या बसल्या विचारायचे, "आईला फोन कधी केला होतास?" एकानं चहाचा कप धरून डाव्या हातानं फोन चाळला, त्याला नऊ. एकजण सगळ्या प्रश्नांना 'आय विल गिव्ह माय हंड्रेड पर्सेंट' म्हणाला, त्याला सहा. एवढे कसले शंभर टक्के?

हे सहा आणि नऊ फैसलच्या फोनवर पोहोचायचे. त्याने पहिल्यांदा डोळे चोळले. वीसच्या खाली? सहा? हा माणूस पोरं बघायला जातो कुठे, तुरुंगात? पण त्या पोरांचा खेळही यथातथाच होता, त्यामुळे फैसलने हसून सोडून दिलं. उलट अत्तरद्यांबद्दल त्याला जरा आदरच वाटायला लागला. बाकीचे स्काउट पाचाच्या पटीत मार्क द्यायचे, हे गृहस्थ सदतीस, बेचाळीस असे देत होते. भलताच बारकाईचा माणूस दिसतोय, असं त्याला वाटलं.

आणि मग एका शुक्रवारी अत्तरद्यांनी डोळे मिटले आणि आवाज ऐकला.

बाकीच्यांचे चेंडू ग्लोव्हात शिरताना धप् करायचे. हा फटाक्कन वाजला. अत्तरद्यांनी डोळे उघडले नाहीत. आणखी एक ऐकला, आणखी एक. त्यांच्या डाव्या तळहाताला, जिथे कॉलेजात असताना कायम सूज असायची, तिथे मुंग्या आल्या. मग हळूच एक डोळा उघडला. काटकुळा, चष्मेवाला पोरगा चेंडू टाकत होता. सुशांत त्याचं नाव. नाशिकचा. तिथल्या शाळेत आणि कॉलेजात पिचर होता. इथे वेस्ट बेमधल्या एका बँकेत कॉम्प्युटर सपोर्टला आला होता तो, सहा महिन्यांच्या कंत्राटावर. कंत्राट संपत आलं होतं आणि पुढचं मिळणार नाही हे त्याला तोंडी सांगून झालं होतं. म्हणजे ड्राफ्टमध्ये कोणी उचललं तर खेळाडू, नाही तर परतीचं विमान, असा मामला. घरी आईला त्यानं यातलं काही सांगितलेलं नव्हतं.

अत्तरदे घरी आले ते जेवलेच नाहीत नीट. "कसा आहे मुलगा?" नीलांबरीबाईंनी विचारलं.

"बरा आहे," ते म्हणाले, पण आवाज कापला. बायकोनं बरोबर ओळखलं. इतक्या वर्षांत हा माणूस 'बरा आहे' म्हणताना कापला नव्हता.

लेखीला त्यांनी सुशांतला ऐंशीपैकी एकाहत्तर दिले. दोनदा खोडले, पण दिले. दुसऱ्या कोणाला सुगावा लागू नये म्हणून मैदानावर ते त्याच्याकडे पाठ करून बसायला लागले. सुशांतला वाटलं, काकांना आपला खेळ आवडत नाही.

तोंडीला दोघं सुशांतच्या खोलीवर गेली. अल मन्सूरातल्याच एका जुन्या इमारतीत चार पोरं मिळून राहत होती. सुशांतने स्वतः चहा केला, आलं घालून. नीलांबरीबाईंना नीट खुर्ची दिली आणि आपण खाटेच्या कडेला टेकला. काकांनी आईचा विषय काढताच त्यानं सरळ नाशिकला व्हिडिओ कॉल लावला. आता मुलाच्या खोलीवर एक वयस्क मराठी जोडपं बसलंय, चहा चाललाय, मुलाचा स्वभाव, सवयी, शिक्षण विचारतंय, असं दिसल्यावर कोणतीही आई जे समजेल तेच ती माउली समजली. पदर सावरून म्हणाली, "आमचं काही मागणं नाही हो. पण मुलगी तिकडेच असते का?"

सुशांत लालबुंद झाला. अत्तरद्यांना ठसका लागला. नीलांबरीबाई अशा हसल्या की शेजारच्या खोलीतला पोरगा काय झालं बघायला आला.

फोन ठेवल्यावर काकांनी शेवटचा प्रश्न टाकला. तो ते सगळ्यांना टाकायचे, पण इथे जास्तच गंभीरपणे टाकला. "हे बघ सुशांत. समजा, त्या दिवशी तुला कोणीच घेतलं नाही. मग?"

सुशांतने चष्मा पुसला. थोडा विचार केला. "मग काय, काका. तिकीट निघेपर्यंतचे शुक्रवार आहेत की. मैदानावर येईन."

बस. एवढंच. अत्तरदे थांबले होते की आता पुढे काहीतरी म्हणेल, 'खूप मेहनत करीन', 'पुन्हा प्रयत्न करीन', निदान एक उसासा तरी टाकेल. पोरगा चहाचे कप गोळा करायला उठला.

जिना उतरताना अत्तरदे म्हणाले, "दोन मार्क गेले. जिद्द नाही. एवढी मोठी संधी, आणि म्हणतो मैदानावर येईन."

"मला तर उत्तर आवडलं," नीलांबरीबाई म्हणाल्या.

"ते उत्तरच नव्हतं."

त्या संध्याकाळी त्यांनी फैसलला मेसेज पाठवला. गेम एकाहत्तर, नेचर अठरा. वीसपैकी अठरा! अत्तरद्यांच्या हातून आजवर गेलेले हे सगळ्यात मोठे मार्क. पाठवल्यावर त्यांना बीपीची गोळी घ्यावी लागली.

तिकडे फैसलने गेमचे एकाहत्तर वाचले आणि खुर्चीतून उठला. मग नेचरचे अठरा वाचले आणि परत बसला.

ड्राफ्ट वेस्ट बेमधल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये होता. अत्तरद्यांनी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा घेतली, टोपी घरी झटकून, भरतकामावर ओल्या बोटाने पुसून घेतली आणि दोह्याच्या टेबलाच्या मागच्या रांगेत जाऊन बसले. पोरांना आत घेत नव्हते. सुशांत आपल्या बँकेत कोणाचा तरी पासवर्ड बदलून देत बसला होता. सकाळी त्यानं फक्त 'काका, आज आहे ना?' एवढा मेसेज केला होता. अत्तरद्यांनी उत्तर दिलं नव्हतं. स्काउटने देऊ नये.

पहिली पाळी. दोह्याने एक जपानी कॅचर घेतला. ठीक, अत्तरदे मनात म्हणाले. दुसरी पाळी, एक फिलिपिनो. तिसरीला त्यांनी टोपी सरळ केली. आता येणार. दोह्याने एक असा पोरगा घेतला की ज्याला अत्तरद्यांनी स्वतः लेखीला अडतीस दिले होते आणि तोंडीला जायची तसदीही घेतली नव्हती. अडतीस! त्यांच्या कपाळाची शीर उडायला लागली. आणखी एक पाळी गेली. उरल्या फेऱ्या थोड्या, आणि तेवढ्यात चहाची सुट्टी झाली. फैसल हॉलबाहेरच्या समोशांच्या टेबलापाशी गेला तर अत्तरद्यांनी त्याला तिथेच गाठलं.

"फैसल, वो सुशांत का क्या हुआ?"

फैसलने इकडे तिकडे बघितलं. त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी हळू, घरच्या माणसाला सांगावं तसं म्हणाला, "अरुण भाई, मैंने किसी को नहीं बताया. आपने अठारह लिखा था. मैं समझ गया. बीस तो सबसे नीचे है, बीस में तो चोर-उचक्के आते हैं. अठारह मतलब... मैंने पूछा भी नहीं क्या किया उसने. लिस्ट से काट दिया. बात खत्म."

क्षणभर अत्तरद्यांना काही कळेना. मग कळायला लागलं, आणि कळत गेलं तसे त्यांचे कान तापत गेले. बीस तो सबसे नीचे है. म्हणजे लेखी नाही, तोंडी नाही, बोर्ड नाही. सहा, नऊ, बारा... अरे देवा! ज्या पोरानं आईला फोन लावून दिला, खुर्ची दिली, आलं घालून चहा दिला, त्याला आपण आखाती देशांतला सगळ्यात मोठा बदमाश ठरवून बसलो.

सुटायची वाट होती. 'टाइप करताना चुकलं' म्हणायचं, विषय संपला असता. फैसलचा आदर राहिला असता, टोपी राहिली असती. अत्तरद्यांच्या तोंडात ते वाक्य आलंसुद्धा होतं. पण मग त्याच्या जागी कितीचा आकडा सांगायचा? पट्टीच ठाऊक नाही तर काय सांगणार? आणि खोटं बोललं की फैसल पुढे विचारणार, आणि वेळ तर चालली होती. तिकडे सुशांत पासवर्ड बदलत बसलाय.

"फैसल, गलती मेरी है," ते म्हणाले. "मेरेकू पट्टी समझीच नहीं. मेरेकू लगा वीस में से है."

"बीस में से?"

"तोंडी का! ओरल! हमारे बोर्ड में रहता है ना! वीस में से अठारह दिया मैंने!"

फैसल त्यांच्याकडे बघतच राहिला. त्याला वाटलं, बुजुर्ग आता पोराला वाचवायला काहीतरी रचतायत. "अरुण भाई, रहने दो..."

आणि इथे अत्तरद्यांचा बांध फुटला. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली हिंदी जी इतकी वर्षं ऑफिसच्या इंग्रजीखाली दबून होती, ती सगळी एकदम वर आली. "क्या रहने दो? अरे, लाख में एक पोरगा है वो! मैंने जिंदगी में किसीको अठारह नहीं दिया! खुद की बेटी को नहीं दिया! उसका बॉल आँख बंद करके सुन, फटाका बजता है फटाका! और स्वभाव? सोना है सोना! उसके जैसा पिचर इस पूरे हॉल में किसीके पास नहीं, और तू उसको चोर समझके बैठा है? सुशांत नाम है उसका, सुशांत, लिख ले!"

लोकांच्या हातातल्या बश्या हातात राहिल्या. फैसलचा चेहरा आधी उजळला, कारण आता त्याला पटलं होतं. मग तो एकदम उतरला. कारण अत्तरद्यांच्या मागे, चटणी वाढून घेत, मस्कतच्या संघाचा माणूस उभा होता.

सुट्टी संपली. सुट्टीनंतर पहिली पाळी मस्कतची होती.

मस्कतने सुशांतचं नाव घेतलं.

फैसलने दोन्ही हातांनी डोकं धरलं. कार्यक्रम संपल्यावर तो अत्तरद्यांपाशी आला, रागावला होता, पण त्याला हसूही येत होतं, आणि दोन्ही एकदम आवरताना त्याची तारांबळ उडाली. "अरुण भाई, आप आदमी बहुत अच्छे हो. लेकिन स्काउट... खलास. ठीक है?"

"ठीक है," अत्तरदे म्हणाले. त्यांनी टोपी काढली, आतून हात फिरवून तिचा आकार नीट केला आणि फैसलच्या समोर टेबलावर ठेवली. फैसल "अरे, रखो ना," म्हणत होता तोवर ते लिफ्टपाशी पोहोचले होते. त्यांना वाईट वाटत होतं. खूप वाईट वाटत होतं. टोपीचंही आणि फजितीचंही. आणि एवढं वाईट वाटत असताना मधूनच आनंदाची उकळी का येतेय, हे त्यांना समजत नव्हतं. मेट्रोत एसीचा झोत थेट टकलावर बसला.

नीलांबरीबाईंनी दार उघडलं आणि उघडं डोकं पाहिलं. पण हसल्या नाहीत. त्यावरून अत्तरद्यांना कळलं की आपला चेहरा किती पडलाय. त्यांनी सगळं सांगितलं, तोंडी, बोर्ड, समोसे, मस्कत, काही लपवलं नाही. नीलांबरीबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे लॉबीत उभं राहून तुम्ही मोठ्यानं ओरडून कौतुक केलंत? तुम्ही?"

"हं."

"मी का नाही आले हो तिकडे!" त्या कळवळून म्हणाल्या, आणि मग मात्र हसल्या.

तेवढ्यात बेल वाजली. सुशांत होता. बँकेतून तडक आला होता, गळ्यात अजून ओळखपत्र लोंबत होतं, हातात खालच्या मिठाईवाल्याकडचा पेढ्यांचा खोका. आत आला आणि वाकून दोघांच्या पाया पडला. "काका, मस्कत! मला तर वाटत होतं, तुम्हाला माझा खेळ आवडतच नाही. आईला फोन केला. ती आधी म्हणाली, आणि मुलीचं काय झालं?"

अत्तरद्यांनी खोका हातात घेतला. "हात सांभाळ तिकडे. खांदा गार पडू देऊ नकोस. आणि चष्म्याला मागून दोरी लाव," एवढं म्हणाले. पेढ्याचा खोका उघडेना, तो नीलांबरीबाईंनी उघडला.

सुशांतचं लक्ष मघापासून त्यांच्या डोक्याकडे जात होतं. त्याला मस्कतवाल्यांकडून थोडंफार कळलं होतं. तो जरा चाचरला. "काका, माझ्यामुळे तुमची टोपी... आता तुम्ही काय करणार?"

"मी?" अत्तरदे म्हणाले. "मी काय करायचंय रे. शुक्रवार आहेत की. मैदानावर जाईन."

बोलून झालं आणि ते थांबले. हातातला पेढा हातात राहिला. त्यांनी बायकोकडे बघितलं. नीलांबरीबाई आधीच त्यांच्याकडे बघत होत्या, दोन्ही भुवया वर करून.

"वीस," अत्तरदे म्हणाले.

"काय वीस, काका?" सुशांतने विचारलं.

"काही नाही. पेढा घे."